मुलाची गाडी का थांबते?

घरातील एखादे यंत्र बंद पडले म्हणजे आपल्याकडे दोन प्रकारची माणसे पुढे येतात. पहिला प्रकार यंत्राला दोन थपडा मारून पाहणाऱ्यांचा. दुसरा प्रकार, पेचकस हाती घेऊन सगळे स्क्रू सोडविणाऱ्यांचा आणि ते वर्तमानपत्रावर मांडून बसणाऱ्यांचा. पहिल्याच्या हातून यंत्र क्वचित सुरू होते आणि दुसऱ्याच्या हातून ते क्वचित पुन्हा जुळते. या दोहोंखेरीज तिसरा एक मार्ग आहे, तो विचाराचा. दोष कोठे असू शकेल आणि कोठे असणे शक्य नाही, हे आधी ठरवावयाचे आणि मग हात घालावयाचा. हा मार्ग समजून घेण्यासाठी आम्ही एक लहानसे उदाहरण निवडले आहे. ते म्हणजे लहान मुलांची, बसून हाकावयाची, बॅटरीवर चालणारी मोटरगाडी.

ज्या व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंतचे विषय येतात तेथे खेळण्याला काय स्थान, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ही गाडी नुसते खेळणे नाही. तीत रसायनशास्त्र आहे, वीज आहे, यंत्रशास्त्र आहे आणि चुकीचा हात लागल्यास विस्तवही आहे. शिवाय तीत आपले मूल बसलेले असते. आजोबांनी वाढदिवसाला दिलेली गाडी वर्ष उलटण्यापूर्वीच गच्चीवर धूळ खात पडते आणि कारण विचारले तर "बॅटरी गेली" एवढेच सांगितले जाते. पुष्कळदा बॅटरी गेलेली नसते. आणि जेथे ती खरोखर गेलेली असते, तेथे बहुधा ती आपण घालविलेली असते.

विजेची वाट

प्रथम गाडीचे अंतरंग पाहू. आपण नेहमी आढळणारी १२ व्होल्टची, मागील दोन चाकांना दोन मोटरी असलेली गाडी समोर ठेवू. लहान गाड्या ६ व्होल्टच्या व एकाच मोटरीच्या असतात. विचाराची रीत तीच.

सीटखाली किंवा पुढच्या झाकणाखाली बॅटरी असते. तिच्या धन टोकापासून निघालेली वीज प्रथम फ्यूजमधून जाते. मग किल्लीच्या किंवा चालू-बंदच्या बटणातून, मग पायाखालच्या बटणातून, मग पुढे-मागे नेणाऱ्या बटणातून, कित्येक गाड्यांत वेग कमीजास्त करणाऱ्या बटणातून, आणि शेवटी मोटरींत. तेथे आपले काम करून ती दुसऱ्या तारेने बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत येते. गच्चीवरची टाकी, नळ, तोटी आणि खाली एक पाणचक्की अशी कल्पना केली तर हे चित्र ध्यानात राहते. फरक एवढाच की, पाणी अंगणात सांडले तरी वाहतच राहते. वीज मात्र जेथून निघाली तेथे परत पोचली तरच वाहते. जाण्याच्या किंवा येण्याच्या वाटेवर कोठेही खंड पडला की सारे ठप्प.

मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. पण तिच्यात जोर थोडा. म्हणून तिच्या पुढे प्लास्टिकच्या दंतचक्रांची पेटी बसविलेली असते. ही पेटी वेग सुमारे शंभराव्या हिश्शाइतका खाली आणते आणि त्या प्रमाणात जोर वाढविते. बाकी उरले चाक.

ही रचना नवी नाही. १८८१ साली पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे यांनी तीनचाकी सायकलला विजेची मोटर बसवून ती रस्त्यावर चालविली, तीही पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या शिशाच्या बॅटरीवर. आज चार वर्षांचे मूल सोसायटीच्या आवारात जी गाडी फिरविते, ती त्या तीनचाकीची नात-पणती म्हणावयास हरकत नाही.

आडात आहे काय?

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण या गाडीला तंतोतंत लागू आहे. म्हणून परीक्षेचा आरंभ बॅटरीपासून करावयाचा.

अशा बहुतेक गाड्यांतील बॅटरी शिसे आणि गंधकाम्ल यांची, बंद पेटीतली असते. ही जात फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शोधली. तिचा एकेक कप्पा सुमारे २ व्होल्टचा. असे सहा कप्पे जोडले की १२ व्होल्ट होतात. बॅटरी वीज देते तेव्हा तिच्या दोन्ही पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर जमतो. भरताना तोच थर विरून जातो. येथेच खरी मेख आहे. रिकामी झालेली बॅटरी तशीच पडून राहिली तर त्या थराचे बारीक कण मोठे व कठीण होत जातात, आणि मग कितीही चार्ज केले तरी ते विरत नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत मुलाने गाडी मनसोक्त फिरविली, शाळा सुरू झाली, गाडी जिन्याखाली गेली, ती थेट दिवाळीला बाहेर निघाली. या मधल्या महिन्यांत बॅटरीचा अंत होतो. ती चालवून मरत नाही, रिकामी ठेवून मरते.

यावरून एक नियम निघतो. खेळ संपला की त्याच दिवशी बॅटरी चार्जिंगला लावावी, आणि गाडी वापरात नसली तरी महिन्यातून एकदा भरून ठेवावी. कारण नुसती पडलेली बॅटरीही हळूहळू रिती होत असते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते अधिक लवकर घडते.

आता तपासणी. मल्टीमीटर आता कोणत्याही विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. पूर्ण चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवलेल्या चांगल्या बॅटरीवर तो १२.७ किंवा त्याहून किंचित अधिक व्होल्ट दाखवितो. १२.२ च्या आसपास असेल तर ती अर्धी रिकामी समजावी, ११.८ च्या खाली असेल तर पूर्ण रिकामी. ६ व्होल्टच्या बॅटरीसाठी हे आकडे निम्मे करावेत.

परंतु एवढ्याने निर्णय देऊ नये. थकलेली बॅटरी स्वस्थ पडलेली असताना आकडा चांगला दाखविते आणि काम पडताच बसते. घरबसल्या मोठ्या गप्पा मारणारा माणूस ओझे उचलायची वेळ आली की कसा होतो, तसेच हे. म्हणून आकडा काम करताना पाहावयास हवा. गाडीची मागील चाके विटांवर उचलून ठेवा, मीटरच्या काड्या बॅटरीच्या टोकांना लावून धरा आणि दुसऱ्या कोणाला पायाखालचे बटण दाबावयास सांगा. चाके अधांतरी असल्याने ओझे थोडेच आहे, तरीही १२.६ चा आकडा घसरून आठ-नऊवर आला तर दोष बॅटरीत आहे हे निश्चित. तो बारा-साडेबारावर टिकला आणि चाके मात्र हलली नाहीत, तर बॅटरीवरचा आळ तूर्त काढून घ्यावा.

ज्यांच्याजवळ मीटर नाही त्यांनी गॅरेजवाल्याची युक्ती वापरावी. मोटरसायकलच्या ब्रेकचा १२ व्होल्टचा, २१ वॅटचा दिवा दोन तारांना जोडून बॅटरीला लावावा. हा दिवा पावणेदोन अँपिअर प्रवाह ओढतो. तो दहा मिनिटे एकसारखा लख्ख जळला तर बॅटरीत जीव आहे. मिनिटाभरात पिवळा, मग लाल होऊ लागला तर नाही.

बॅटरीवर "७ अँपिअर-तास" असे छापलेले असते, त्याचाही अर्थ जाणून घ्यावा. बहुधा हा आकडा वीस तासांच्या संथ वापराचा असतो, म्हणजे ०.३५ अँपिअर प्रवाह वीस तास. गाडी त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. घाईने उपसलेल्या विहिरीतून जसे सगळे पाणी हाती येत नाही, तसेच जोराने वापरलेल्या बॅटरीतून सगळी वीज हाती येत नाही. तेव्हा सात अँपिअरने पूर्ण एक तास गाडी चालली नाही म्हणून दुकानदाराशी भांडावयास जाऊ नये.

चार्जरची साक्ष

बॅटरी रिकामी आढळली तर ती भरली का गेली नाही, हा पुढचा प्रश्न. पुष्कळ वेळा नवी बॅटरी आणली जाते, दोन दिवस गाडी पळते आणि पुन्हा थांबते. कारण मेलेला चार्जर असतो, बॅटरी नव्हे. रोग रेड्याला आणि डाग पखालीला, तो हा प्रकार.

चार्जर भिंतीतल्या प्लगमध्ये लावून त्याच्या टोकाशी मीटर धरावा. १२ व्होल्टच्या गाडीच्या चार्जरने तेथे बॅटरीपेक्षा जास्त दाब दाखविला पाहिजे. बॅटरी पूर्ण भरावयाची तर सुमारे साडेचौदा व्होल्टपर्यंत चढावे लागते. शून्य दिसले तर बहुधा तार टोकाशी आतून तुटलेली असते, कारण तेथेच ती रोज वाकते.

चार्जरवर लाल-हिरवा दिवा असेल तर तोही साक्ष देतो, पण ती उलटतपासणी करूनच घ्यावी. लाल म्हणजे प्रवाह जात आहे, हिरवा म्हणजे प्रवाह जवळजवळ थांबला आहे. रिकामी बॅटरी लावताच पाच मिनिटांत हिरवा दिवा लागला तर बॅटरी भरली असे समजू नये. ती वीज घेतच नाही, असा त्याचा अर्थ. पट्ट्यांवरचा थर कठीण झाल्याचे हे लक्षण आहे, किंवा वाटेतला एखादा कपलर नीट बसलेला नाही.

७ अँपिअर-तासांची बॅटरी ०.७ अँपिअरच्या चार्जरने भरावयास गणिताने दहा तास लागतात. मधली गळती धरून बारा. साधे चार्जर आपोआप बंद होत नाहीत, म्हणून गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेल्या तासांपलीकडे ते लावून ठेवू नयेत. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून थोडा हायड्रोजन वायू सुटू शकतो व तो पेट घेतो. तेव्हा बंद कपाटात, गॅसच्या शेगडीशेजारी किंवा देवघरातील समईजवळ बॅटरी चार्ज करू नये. आणि काही नव्या गाड्यांत लिथियमची बॅटरी असते. तिला शिशाच्या बॅटरीचा चार्जर कधीही लावू नये.

फ्यूज: घरचा पहारेकरी

बॅटरी ठीक, चार्जर ठीक, तरी गाडी निर्जीव. मग फ्यूज पाहावा. तो बहुधा बॅटरीच्या लाल तारेवरच असतो. काही गाड्यांत तो एकदा जळला की बदलावा लागतो. काहींत तो तापला की वाट तोडतो आणि थंड झाला की पुन्हा जोडतो. गाडी चालता चालता थांबली आणि दोन-चार मिनिटांनी आपोआप सुरू झाली, तर या दुसऱ्या जातीचा फ्यूज आपले कर्तव्य बजावीत आहे असे समजावे.

फ्यूज का उडतो हे समजण्यासाठी मोटरीचा एक स्वभाव ठाऊक हवा. मोटर फिरू लागली म्हणजे ती स्वतःच बॅटरीच्या विरुद्ध दाब निर्माण करते आणि त्यामुळे प्रवाह आटोक्यात राहतो. तिला फिरू दिले नाही तर हा विरोध नाहीसा होतो, आणि प्रवाह नेहमीच्या कित्येक पट वाढतो. मुलाने गाडी भिंतीला टेकवून पाय दाबून धरला, ओल्या गवतात किंवा वाळूत घातली, चढावर नेली, किंवा एकाच्या जागी तीन भावंडे बसली, की नेमके हेच घडते. तेव्हा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर फ्यूजला दोष न देता ओझे पाहावे. ओझे नसतानाही उडत असेल तर कोठेतरी तारेचे कवच खरवडून दोन तारा एकमेकींस टेकल्या आहेत, किंवा दाते अडकले आहेत.

येथे आम्हाला थोडे कठोर बोलावयाचे आहे. घरातील चिनी मातीच्या फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी जाड तार घालून "आता नाही उडणार" असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. तीच खोड या गाडीवर चालविली जाते. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळतात किंवा तांब्याची तार पिळून टाकतात. आणि गाडी चालू होते, हेच दुर्दैव! १२ व्होल्टचा धक्का बसत नाही, म्हणून ही वीज निरुपद्रवी असा समज आहे. पण धक्का वेगळा आणि उष्णता वेगळी. त्या लहानशा बॅटरीची दोन टोके थेट जोडली गेली तर क्षणभरात शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह वाहू शकतो, आणि प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. तार लाल होते, भोवतीचे प्लास्टिक पेटते. आणि ती तार मुलाच्या सीटखाली असते.

हे भय काल्पनिक नाही. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत फिशर-प्राइस कंपनीने "पॉवर व्हील्स" या नावाने विकलेल्या सुमारे १ कोटी गाड्या दुरुस्तीसाठी परत मागविल्या. त्यांच्या विजेच्या भागांना अति उष्णता येऊन आगी लागल्याच्या तक्रारी आल्या होत्या. पुढे २००१ साली, ही माहिती सरकारी यंत्रणेला वेळेवर कळविली नाही या आरोपावरून कंपनीला ११ लाख डॉलर भरावे लागले. मोठ्या कारखान्याच्या मालातही जेथे असे घडू शकते, तेथे आपण आपल्या हाताने पहारेकऱ्याला घरी पाठवू नये. जेवढ्या अँपिअरचा फ्यूज होता तेवढ्याच अँपिअरचा घालावा. एकही अँपिअर अधिक नाही.

अर्धी गाडी एका मापात

आता बटणे, तारा आणि कपलर. येथे सुमारे डझनभर जोड असतात आणि प्रत्येक तपासत बसावयाचे तर संध्याकाळ जाते. त्याऐवजी वाटेच्या शेवटी उभे राहावे. चाके विटांवरच असू द्या. मोटरीच्या दोन टोकांशी मीटर धरा आणि पायाखालचे बटण दाबा. तेथे १२ व्होल्ट पोचले आणि तरी मोटर फिरली नाही, तर बॅटरीपासून तेथवरची सगळी वाट निर्दोष ठरली. दोष मोटरीत आहे. तेथे काहीच पोचले नाही, तर मोटरीवर संशय घेण्याचे अजून कारण नाही. मागे वाटेच्या मध्यावर यावे, तेथे मोजावे, पुन्हा उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर. दर मापाला संशयितांची संख्या निम्मी होते. पाण्याच्या लांब नळातली गळती शोधणारा प्लंबर हेच करतो.

बटणाची परीक्षा तर याहून सोपी. गाडी चालू असताना त्या बटणाच्याच दोन टोकांना मीटर लावावा. बटण चांगले असेल तर जवळजवळ शून्य दिसते, कारण वीज तेथे अडत नाही. पूर्ण १२ दिसले तर बटण जोडतच नाही. दोन-तीन व्होल्ट दिसले तर आतले संपर्क जळून काळे पडले आहेत; तेथेच वीज खर्च होऊन बटण तापते आणि गाडी मंद चालते. असे बटण घासत बसण्यापेक्षा बदलावे. हिरवा गंज चढलेला कपलर मात्र बॅटरी सोडवून बारीक काचकागदाने साफ करता येतो. पावसाळ्यानंतर बंद पडलेल्या गाड्यांत हाच प्रकार अधिक.

काही गाड्यांत आई-बापांच्या हाती रिमोट असतो आणि गाडीत त्याची ग्रहणपेटी. अशा गाडीवर एक बटण असते, ते रिमोटकडे वळविलेले असेल तर मुलाच्या पायाखालचे बटण चालत नाही. सबंध गाडी खोलून झाल्यावर हे ध्यानात येण्याचे प्रसंग थोडे नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बॅटरी काढून पुन्हा बसविली की कित्येक पेट्यांची रिमोटशी पुन्हा ओळख करून द्यावी लागते. ती रीत पुस्तिकेत दिलेली असते.

दोन मोटरींची गोष्ट

ज्या गाडीत सावकाश आणि जलद असे दोन वेग बटणाने मिळतात, तीत पुष्कळदा एक सुंदर युक्ती असते. सावकाश वेगात दोन मोटरी एकीपुढे एक जोडल्या जातात आणि १२ व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात, प्रत्येकीला ६. जलद वेगात त्या शेजारी शेजारी जोडल्या जातात, प्रत्येकीला पूर्ण १२. एवढे कळले की गाडी न उघडता निदान करता येते. सावकाश वेगात गाडी मुळीच हलत नाही आणि जलद वेगात एकाच चाकावर वाकडीतिकडी चालते, असे दिसले तर एका मोटरीची वाट तुटलेली आहे. कारण एकापुढे एक असलेल्यांपैकी एक तुटली की दुसरीलाही वीज मिळत नाही. जलद वेगात चालते आणि सावकाशमध्ये नाही, किंवा याच्या उलट, आणि दोन्ही मोटरी शाबूत आहेत, तर वेगाचे बटण दोषी. पुढे जाते पण मागे जात नाही, तर पुढे-मागेचे बटण किंवा पेटीतला त्याचा भाग. दिवे लागतात, गाणे वाजते, पण चाक हलत नाही, तर बॅटरीपासून किल्लीपर्यंतची वाट बहुधा ठीक आहे. मात्र थकलेली बॅटरीही दिव्यांना पुरते आणि मोटरींना पुरत नाही, हे विसरू नये.

मोटर फिरण्याचा आवाज येतो आणि चाक स्थिर, असे असेल तर वीज निर्दोष आहे. दोष यांत्रिक आहे. कट्कट् असा आवाज म्हणजे दंतचक्राचे दाते गेले. गुळगुळीत घोंगावणे म्हणजे चाकाच्या मध्यातील प्लास्टिकची खाच झिजून गोल झाली, किंवा मोटरीवरचे लहान दंतचक्र सुटले. गाडी धावत असताना मुलाने एकदम मागे जाण्याचे बटण दाबले की हे दाते तुटतात. "आधी थांब, मग बटण" हा नियम मुलाला पहिल्याच दिवशी शिकवावा. दंतचक्रांची पेटी स्वतंत्रपणे बदलून मिळते. सगळी गाडी टाकण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट दोष नसून गुण आहे. पाय उचलला की पुष्कळ गाड्यांत मोटरीच्या दोन तारा एकमेकींस जोडल्या जातात; फिरती मोटर तेव्हा स्वतःच वीज निर्माण करू लागते आणि त्या श्रमाने गाडीला ब्रेक लागतो. म्हणून बंद गाडी हाताने ढकलताना जड लागते. ती हलकी धावू लागली तर मात्र उतारावर मुलाला बसवू नये.

हात केव्हा आवरावा

गाडी उघडण्यापूर्वी बॅटरीचा कपलर सोडवावा. हातातील अंगठी, बांगड्या, धातूचा पट्टा काढून ठेवावा. बॅटरीच्या दोन टोकांवर बांगडी टेकली तर कातडी भाजते. चाचणीच्या वेळी मूल गाडीत नसावे. फुगलेली, फुटलेली किंवा ओली बॅटरी चार्ज करू नये. आणि पाय उचलल्यावरही गाडी थांबत नसेल, तर "एवढे एकदा चालवू द्या" हा हट्ट ऐकू नये. बटणाचे किंवा रिलेचे संपर्क एकमेकांस चिकटले आहेत; त्या क्षणी बॅटरी सोडवावी आणि दुरुस्तीपर्यंत जोडू नये. नवी गाडी घेताना आयएसआय चिन्ह पाहून घ्यावी; भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे.

मेलेल्या बॅटरीचे काय करावे, हाही या विषयाचाच भाग आहे. ती भंगारवाल्याला देऊन चार पैसे घेण्याचा मोह होतो. पण अशी बॅटरी जेथे उघड्यावर फोडली आणि वितळविली जाते, तेथील धुळीत आणि मातीत शिसे मिसळते. लहान मुलांचा मेंदू वाढत असतो, त्याला शिशाने कायमची इजा होते. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात धोक्याइतके शिसे आहे, आणि बॅटऱ्यांचे असे बेकायदा वितळविणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. आपल्या मुलाच्या खेळाची किंमत दुसऱ्याच्या मुलाने का द्यावी? २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातली आहे. तेव्हा नवी बॅटरी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडे द्यावी.

आता एवढेच सांगावयाचे राहिले. ही सारी तपासणी मुलाला शेजारी बसवून करावी. बॅटरी, फ्यूज, बटण, मोटर, दाते हा क्रम पाच वर्षांच्या मुलाला सहज पाठ होतो. कोणालाही दोषी ठरविण्यापूर्वी तपास करावयाचा असतो, हेही त्याबरोबर कळते. आणि गाडी थांबली की पहिला प्रश्न त्यालाच विचारावा: थांबण्यापूर्वी ती हळू झाली होती की एकदम थांबली? आवाज कसला आला? वास आला का? हळूहळू थांबली तर बॅटरी, एकदम थांबली तर फ्यूज किंवा तार, आवाज झाला तर दाते. त्याचे उत्तर बहुधा खरे निघते. कारण गाडीत तेच बसलेले होते.